सरांचे दोन रकाने

सरांना ती कादंबरी कळली नव्हती, असं माझं आजही मत आहे. अकरा वर्षं त्यांनी ती शिकवली, तरी. मलाही ती कळली नाही, पण माझ्याकडे निदान कारण होतं. कॉलेजच्या लायब्ररीत तिच्या तीन प्रती होत्या आणि माझ्या वाट्याला आलेल्या प्रतीला शेवटची वीसेक पानं नव्हती. वाळवीने खाल्ली की परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी फाडून नेली, देव जाणे. सरांची स्वतःची प्रत मात्र शेवटच्या पानापर्यंत धडधाकट होती. त्यांना सबब नव्हती.

मालवणात आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे. शर्टाच्या खिशात दोन रंगांचे खडू, एक निळा, एक पिवळा, त्यामुळे खिसा कायम हिरवट. काखेत बायबल, तेही ताडपत्रीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, कारण आमच्या दमट हवेत पुस्तकाला बुरशी धरते. बोलणं अगदी छापील. मासळीबाजारात उभे राहून ते विचारायचे, "ही सुरमई आजचीच आहे ना हो?" आणि एरवी कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या बायका पदर सारखा करून उत्तर द्यायच्या. सर मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, मालवणी त्यांना येत नसणं शक्यच नव्हतं. पण आम्ही कधी ती त्यांच्या तोंडून ऐकली नाही. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा ध्यानात आली. ते 'घरी जातो' असं कधी म्हणत नसत. 'खोलीवर जातो' म्हणत.

कादंबरी परदेशातली होती. समुद्राकाठी शेती करणारं तेरा माणसांचं एक कुटुंब. खारं पाणी त्यांच्या शेतात घुसतं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. मग ती माणसं एक गाडी आणि एक आंधळी घोडी घेऊन डोंगरापलीकडच्या खोऱ्यात निघतात, कारण तिथे गहू पिकतो असं कुणीतरी सांगितलेलं असतं. सगळ्यांच्या पुढे आजी. इथपर्यंत ठीक होतं. शेतात खारं पाणी शिरणं म्हणजे काय, हे आम्हा खाडीकाठच्या पोरांना इंग्रजीतूनही कळलं असतं. घोटाळा व्हायचा तो पुढे, सर फळ्याकडे वळले की.

ते फळ्यावर उभी रेघ मारायचे. डावीकडे निळ्या खडूने 'कादंबरी', उजवीकडे पिवळ्याने 'बायबल'. डावीकडे आजी, उजवीकडे आपल्या लोकांना मिसरातून घेऊन निघालेला मोशे. डावीकडे आटलेली नदी, उजवीकडे दुभंगलेला तांबडा समुद्र. डावीकडे नाक्यावर माणसं मोजणारा शिपाई, उजवीकडे इस्राएल लोकांची गणना. डावीकडे वाटेत मिळालेले वाळके पाव, उजवीकडे आकाशातून पडलेला मान्ना. म्हणायचे, "या कादंबरीतलं एकही माणूस स्वतःहून चालत आलेलं नाही. प्रत्येकाला तिकडून पाठवलंय." वर्गात आम्ही बावीस जण आणि बायबल उघडून पाहिलेला एकही नाही. म्हणजे सर एक अनोळखी गोष्ट दुसऱ्या अनोळखी गोष्टीने समजावून सांगत होते. आम्ही दोन्ही रकाने वहीत उतरवून घ्यायचो आणि डबा खायला जायचो.

मी त्या पेपरात नापास झाले. एटीकेटीवाल्यांनी पुन्हा वर्गात बसायची सक्ती नसते, पण सरांनी मला बोलावून घेतलं आणि बसवलं. त्यामुळे तीच कादंबरी मी लागोपाठ दोन वर्षं ऐकली, आणि दुसऱ्या वर्षी आजी मोशे नव्हती. ती नोहा झाली होती. मी उभी राहून म्हटलं की सर, गेल्या वर्षी ती मोशे होती. मागच्या बाकावर हसू फुटलं. सर शांतपणे म्हणाले, "गेल्या वर्षी मी चुकलो होतो." एखादा शिक्षक असं म्हणू शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि मी जास्तच गोंधळले. मग पाठ काय करायचं?

आधीच्या बॅचच्या मुलींना विचारलं, तर कळलं की हे दरवर्षीचंच होतं. थोरली सून एकदा लोटची बायको होती, मागे वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेली. पुढच्या वर्षी ती सासूला न सोडणारी रूथ झाली. आजोबा, जे कादंबरीत फक्त गाडीत पडून असतात आणि काही बोलत नाहीत, त्यांना तर सरांनी अब्राहामापासून योनापर्यंत सगळ्यांच्या जागी बसवून पाहिलं होतं. कपड्याच्या दुकानात एकच शर्ट दहा गिऱ्हाइकांच्या अंगावर लावून पाहावं, तसं.

हे वेड वर्गापुरतं असतं तरी चाललं असतं. कॉलेजच्या क्लार्कने रजा मंजूर केली नाही की सर म्हणायचे, फारोचं मन पुन्हा कठीण झालं. फारो म्हणजे इस्राएल लोकांना जाऊ न देणारा मिसरचा राजा, पण क्लार्कला वाटायचं आपली स्तुती चालली आहे. मुंबईहून येणाऱ्या गाड्या तळेऱ्याला वळतात, तर तळेऱ्याचं नाव निघालं की सर म्हणायचे, "सगळी वाळवंटं तळेऱ्याला सुरू होतात." आता तळेऱ्याला वाळवंट कुठलं? वडापावच्या गाड्या आणि एसटीची वाट बघणारी माणसं. पण सर हे हसत म्हणत नसत, त्यामुळे आम्हीही हसत नसू.

काखेतल्या बायबलमुळे मालवणात मध्येच अशी आवई उठली की सरांनी धर्म बदलला. खरं तर ते देवळात जायचे तसे जातच होते. त्यांच्या खोलीशेजारी एक ख्रिश्चन मावशी राहायची, तिला मात्र त्यांनी खरोखर जेरीस आणलं होतं. सकाळी ती पाव आणायला निघाली की हे दारात उभे, चाळीस वर्षं वाळवंटात कपडे कसे विरले नाहीत हे विचारत. शेवटी तिने हात जोडले होते. "सर, माका इचारू नकात. फादराक इचारा. मी मेणबत्ती लावतंय नि घराक येतंय."

सरांच्या वडिलांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मालवणच्या एसटी स्टँडवर. सत्तरी उलटलेला काटक म्हातारा, डोक्यावर पांढऱ्या धोतरात बांधलेलं गाठोडं, कणकवलीच्या गाडीत पहिल्या बाकावर बसलेला. कंडक्टर खाली उभा राहून कुणाला तरी फोन करत होता. दहा मिनिटांत सर धावत आले, खिशातल्या खडूंसकट. गाडीत चढले, वडिलांच्या शेजारी बसले, काहीतरी बोलले आणि त्यांना हाताला धरून खाली घेऊन आले. कंडक्टरने सरांना पाहून मान हलवली. त्याला हे सवयीचं होतं.

सरांचे वडील, आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो, आठवड्यातून एकदा तरी गावाला निघायचे. दर वेळी गाठोडं बांधायचे आणि त्यात काय बांधतील याचा नेम नसायचा. एक धोतर, एक खोबऱ्याची कवड, काडेपेटी, टीव्हीचा रिमोट. कधी सरांचं बायबलही. वर्गात सर काखेत हात घालून एकदम थांबले की आम्ही समजून जायचो, आज आजोबांनी सामान बांधलंय.

त्यांचं गाव तळेऱ्याच्या वर, घाटाच्या पायथ्याला होतं. होतं असंच म्हणायला हवं, कारण तिथे धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. सर तेव्हा दहावीत होते. भाताची खाचरं, काजूची बाग, चार खांबांच्या पडवीचं घर, सगळं गेलं. पुनर्वसनाची जागा माळावर होती. तिथे सरांची आई फार दिवस टिकली नाही. मालवणात नोकरी लागल्यावर सर वडिलांना घेऊन आले. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की म्हातारा सारखा निघतो आणि सर सारखे त्याला परत आणतात.

गणपतीनंतरच्या आठवड्यात एका दुपारी तासावर असताना सरांना फोन आला. ते खडू हातात घेऊनच बाहेर गेले आणि चार दिवस कॉलेजात आले नाहीत. त्या दिवशी कंडक्टर नवा होता. आजोबा कणकवलीला उतरले, तिथून तळेऱ्याला गेले, तिथून चालत वर गेले. गुरं राखणाऱ्या एका माणसाला ते धरणाच्या पाण्यात सापडले. गुडघाभर पाण्यात होते, डोक्यावर गाठोडं, आणि पुढे चालत होते.

सर परत आले तेव्हा मी ट्यूटोरियलची वही द्यायला स्टाफरूममध्ये गेले होते. दुसरं कुणी नव्हतं. मी आजोबा कसे आहेत म्हणून विचारलं, तर सर एखाद्या बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसे माझ्याशी बोलले.

"घाबरलेले नव्हते गं ते. पाण्यात उतरताना त्यांना घर दिसत असणार खाली. पुढच्या वेळी कुणी गुरं राखणारा नसला, तर ते चालत राहतील."

चुलतभावांचं म्हणणं होतं की कोल्हापूरला वृद्धाश्रमात ठेव. सरांनी दोन दिवस खोलीला बाहेरून कुलूप लावून पाहिलं होतं. आजोबा दार वाजवत नव्हते, काही म्हणत नव्हते, फक्त गाठोडं मांडीवर घेऊन दाराशी बसून होते. तिसऱ्या दिवशी सरांनी कुलूप काढून विहिरीत टाकलं. दिवाळीपर्यंत काहीतरी ठरवायला हवं, म्हणाले. बोलताना त्यांची रकान्यांची वही उघडीच होती. उजव्या रकान्यात 'लोटची बायको', 'मोशे', 'योना', 'ईयोब' अशी नावं, आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे बारीक पेन्सिलीने लिहिलेलं, 'आबा?' प्रश्नचिन्हासकट. सर वडिलांना आबा म्हणतात हे मला माहीत होतं. मी वही ठेवली आणि बाहेर पडले. कादंबरीतले आजोबा दरवर्षी का बदलतात हे माझ्या अर्धवट ध्यानात आलं, पण अर्धवटच.

माझ्या त्या ट्यूटोरियलच्या वहीत मी जे उत्तर लिहून दिलं होतं त्याची मला आजही लाज वाटते. प्रश्न होता कादंबरीच्या शेवटाचं बायबलशी काय साधर्म्य आहे असा. माझ्या प्रतीत शेवटच नव्हता. मग मी अंदाजाने लिहिलं. लिहिलं की कुटुंब तीन रात्री बाहेर राहतं, मग वडीलधारी माणसं देवाला विचारतात, देव कौल देतो, आणि सगळी माणसं आपल्या कोंबड्या, गुरं घेऊन घरी परत येतात. कौलाला इंग्रजी शब्द सापडेना, म्हणून तो तसाच इंग्रजी अक्षरांत लिहिला. बायबलमध्येही असंच झालं असणार, असंही वर ठोकून दिलं.

सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं, नाव न घेता. सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी थेट माझ्याकडे पाहून विचारलं, ती परत येतात हे तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणी नाही सर, पानं नव्हती. मग परत येतात कशावरून? मी म्हटलं, "माणसं गाव सोडून जातात ती परत यायलाच ना सर?"

माझं गाव मालवणपासून थोडं आत. आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी गावपळण असते. देवाने कौल दिला की अख्खा गाव घरं सोडतो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, दुखणाईत म्हातारी खुर्चीत बसवून, सगळी शिवेबाहेर. तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी राहायचं नाही, चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही. गाव तेवढे दिवस देवाचा. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि मिळाला की परत यायचं. मी जन्मल्यापासून हेच पाहिलेलं. अकरा वर्षं सर आम्हाला इस्राएल लोकांचं निघणं समजावून सांगत होते, आणि समोर बसलेल्यांतली निम्मी पोरं कोंबड्या काखोटीला मारून स्वतः निघालेली होती. ते त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि आमच्याही नाही.

त्या तासाला सर टेबलावर बसले आणि विचारत राहिले. दिवस कोण ठरवतं, सोबत काय नेता, कुणी नाही म्हटलं तर, कुणी मेलं तर. आणि परत येता म्हणजे त्याच घरात येता? मी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या घरात जाणार सर? सर हळू आवाजात म्हणाले की कादंबरीत ती माणसं परत जात नाहीत. आजी खिंडीतून खोरं पाहते आणि तिथेच मरते. थोरली सून एका परक्या दारावर थाप मारते. दार उघडतं की नाही हे लेखकाने लिहिलेलंच नाही. आणि बायबलमध्येही परत येणं नाही, असं म्हणून त्यांनी तास संपवला.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले ते चूक कबूल करतच. परत येणं आहे, म्हणाले. बाबेलच्या बंदिवासातून लोक कित्येक वर्षांनी परत येतात. मोडलेल्या देवळाचा पाया पुन्हा घालतात. तरुण माणसं आनंदाने ओरडतात, आणि ज्यांनी पहिलं देऊळ डोळ्यांनी पाहिलेलं असतं ते म्हातारे मोठ्याने रडतात. दोन्ही आवाज असे मिसळतात की वेगळे ओळखू येत नाहीत. मग मला विचारलं, "तुमच्याकडे परत आल्यावर म्हातारे रडतात?"

मी म्हटलं, "नाही सर. कोंबड्या सगळ्या आल्या का बघतात."

त्यांनी फळ्यावर तिसरा रकाना आखला. त्याला नाव दिलं नाही, आणि वर्षभर त्यात काही लिहिलंही नाही. परीक्षेत नेमका शेवटाचाच प्रश्न आला. मी एका परिच्छेदात मोशे, दुसऱ्यात नोहा आणि तिसऱ्यात बाबेल लिहून आले आणि पास झाले. कशामुळे पास झाले, हेही मला कळलेलं नाही.

त्याच वर्षी, परीक्षेच्या आधी, दिवाळी झाल्यावर सर आमच्या गावात राहायला आले. आमच्या घराला लागून एक मुंबईकरांचं बंद घर होतं, त्यातल्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. गावपळण त्या वर्षी मार्गशीर्षात होणार अशी बोलवा होती, ती त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतली होती. माझ्या बाबांना हे पटलं नाही. ते देवस्थानच्या मानकऱ्यांपैकी, आणि सरांच्या वेडाबद्दल ऐकून होते. तोंडावर म्हणाले, "सर, ह्यां देवाचां काम असा. नाटक न्हय."

सर म्हणाले, "मला माहीत आहे. म्हणूनच आलो." मग त्यांनी आबांची गोष्ट सांगितली, पाण्याची. कोल्हापूरच्या जागेशी बोलणं झालंय, संक्रांतीनंतर न्यायचं ठरतंय, हेही सांगितलं. बाबांनी मग नको म्हटलं नाही. मी त्यांना आत आल्यावर कादंबरीची गोष्ट सांगितली, परत न येणाऱ्या माणसांची. ती त्यांना अजिबात कळली नाही. "परत नाय येवचां, तर जावचां कशाक?" एवढंच त्यांनी विचारलं.

ढोल वाजला तो दुपारचा. गाव निघाला. रस्ताभर गाठोडी, पत्र्याच्या ट्रंका, गॅसच्या शेगड्या, टेम्पोत बांधलेल्या म्हशी. आजोबा अंगणात उभे राहून हे सगळं पाहत होते. मग आत गेले आणि आपलं गाठोडं डोक्यावर घेऊन आले. पहिल्यांदाच त्यांना कुणी ते सोडायला सांगितलं नाही. शेजारच्या बाईने उलट विचारलं, "आबानु, आमचो कोंबो धरशात मां जरा?" आजोबांनी कोंबडा काखेत घेतला आणि चालू लागले.

शिवेबाहेर माळावर सगळ्यांनी नारळाच्या विणलेल्या झापांच्या झोपड्या घातल्या. आमची झोपडी बाबा आणि सर घालत होते. सरांना गाठ मारता येईना. आजोबांनी कोंबडा माझ्याकडे दिला, सरांच्या हातातला सुंभ काढून घेतला आणि बघता बघता चारी कोपरे बांधून दिले. मग पलीकडच्यांची झोपडी बांधायला गेले. बकऱ्या वाऱ्याच्या कोणत्या अंगाला बांधाव्यात हे दोघातिघांना सुनावून आले. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गोंधळले ते सर. वही घेऊन ते माळावर फिरत होते आणि त्यांना हवं ते सापडत नव्हतं. त्यांना निर्वासित माणसं पाहायची होती, आणि इथे तर सहल चालली होती. कुणी पत्ते मांडलेले, कुणी भजनाला बसलेले, बायका घावण्यांवर घावणे काढत होत्या. दुसऱ्या दिवशी मासळीवाली आली नाही म्हणून लोक कुरकुर करू लागले, तेव्हा कुठे सरांचा चेहरा उजळला. वाळवंटात इस्राएल लोकांनीही मिसरातल्या मासळीच्या आठवणीने अशीच कुरकुर केली होती म्हणे. पण त्यांनी ते लिहून घेतलं नाही. वडिलांकडे पाहत बसले.

तिसऱ्या दिवशी जेवताना आजोबांनी माझ्या बाबांना विचारलं, "तुमचो गाव पाण्याखाली गेलो?"

सरांचा घास हातातच राहिला. बाबा म्हणाले, "नाय ओ आबानु. देवान भायर काढल्यान. उद्या तोच परत घेतलो."

आजोबांनी मान हलवली आणि भात कालवला.

चौथ्या दिवशी कौल झाला नाही. देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावतात, उजवी आधी पडली की होकार. त्या दिवशी डावीच पडत राहिली. आम्हाला यात विशेष वाटलं नाही, होतं कधी कधी असं. पण सर हादरले. ते बाबांकडे येऊन म्हणाले की आबांना मी परत जायचंय असं सांगितलंय, नाही झालं तर काय सांगू? देव नाहीच म्हणाला तर? बाबा विडी विझवत म्हणाले, "कौल दितलो. आमका भायर ठेवन तो एकटो काय करतलो?"

पाचव्या दिवशी उजवी पडली.

अजून आमच्या होमस्टेत येणारे पाहुणे मला विचारतात की तुम्ही मध्येच तीन-चार दिवस बुकिंग का घेत नाही. मी गावपळण समजावून सांगते. ते विचारतात, पण याचा अर्थ काय? मला सर आठवतात आणि मी सांगते की मला माहीत नाही.

आम्ही परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. सर, आजोबा आणि कोंबड्या मोजणारी मी, त्यांच्या अंगणात शिरलो. अंगणात चार दिवसांचा पातेरा, वाळक्या पानांचा थर, पडलेला. आजोबा पडवीसमोर थांबले. सर त्यांच्या मागे, दोन पावलांवर. मला सरांचा चेहरा दिसत होता. आबांना हे आपलंच घर वाटेल, आपण परत आलो असं वाटेल, याच्यासाठी या माणसाने खोली बदलली होती, गाव बदलला होता. आता म्हातारा रडेल, याची ते वाट पाहत होते, हे मला पक्कं ठाऊक आहे. पहिलं देऊळ, दुसरं देऊळ, तोच रकाना.

आजोबांनी पडवीचे खांब बघितले. म्हणाले, "आमच्या पडवेक चार खांब होते. हेका दोनच."

सर एक पाऊल पुढे आले.

"ह्यां आपलां घर न्हय. आपलां पाण्याखाली गेलां. माका म्हायत असा." मग पडवीत गाठोडं टेकवून खाली बसले. "पण परतान इलांव मां आपण? सगळ्यांबरोबर? बरां वाटलां."

त्यांनी गाठ सोडली. धोतर काढून दोरीवर टाकलं. खोबऱ्याची कवड कोनाड्यात ठेवली. बायबल काढून सरांपुढे धरलं. "ह्यां तुझां पुस्तक."

सरांनी ते घेतलं नाही. ते अंगणातच, पातेऱ्यात, मटकन खाली बसले आणि रडायला लागले, मोठ्याने, आमच्या अंगणापर्यंत ऐकू जाईल असं. इतकी वर्षं त्या रकान्यात ते वडिलांना बसवून पाहत होते. पहिलं घर डोळ्यांनी पाहिलेले आपण दोघे आहोत, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नसावं. मी कोंबडा धरून तशीच उभी. जावं की थांबावं ते कळेना. आजोबांनी मुलाकडे पाहिलं.

"रडतंस कशाक? ऊठ. दिवेलागण झाली, दिवो लाव."

सर उठले. डोळे पुसले आणि आत गेले. आतून डबे सरकवल्याचा, फळीवर चाचपल्याचा आवाज येत राहिला. मग सर दारात आले आणि म्हणाले, "आबा, काडेपेटी खंय असा?"

ती गाठोड्यात होती. आजोबांनी काढून दिली.